वरमाईच्या कपाळावरचे ठिपके

त्या बाईच्या कपाळावरचे ठिपके मी अजून विसरलेलो नाही. पोलीस खात्यात माझी उभी हयात गेली, त्यातली बरीचशी जालना जिल्ह्यात. दरोडे पाहिले, खून पाहिले, लाच देणारे पाहिले आणि घेणारेही. पण निवृत्तीनंतर कुणी म्हटलं, "साहेब, एखादी केस सांगा," की मी हीच सांगतो. ऐकणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो, कारण त्यात सुरा नाही की बंदूक नाही. एक बारीक सुई आहे आणि एक शपथ आहे. नावं मात्र मी कुणाचीच घेणार नाही. ज्या घरात हे घडलं ते वाटूरच्या आसपास आजही सुखानं नांदतंय आणि माझ्यामुळे तिथल्या बायकांना मान खाली घालावी लागू नये.

मे महिना संपत आला होता. लग्नसराईत ठाण्याचं काम वेगळ्याच अंगानं वाढतं. डीजेच्या तक्रारी, मंगल कार्यालयातून नाहीसे झालेले दागिने, वरातीत पाय तुडवला म्हणून झालेली मारामारी. सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती आणि मी ठाणे अंमलदाराकडून स्टेशन डायरी घेऊन बघत होतो, तेवढ्यात सरकारी दवाखान्यातल्या चौकीवरून फोन आला. सर्पदंशाची एक बाई दाखल झाली होती. सर्पदंश, विषबाधा, भाजणं अशा प्रत्येक केसची खबर दवाखान्याला पोलिसांना द्यावीच लागते. त्यात नवल नव्हतं. उन्हाळ्यात आमच्याकडे माणसं अंगणात, ओसरीवर खालीच पडतात आणि मण्यार अंथरुणात शिरते. ती चावलेली कळतसुद्धा नाही. सूज नाही, आग नाही, दाताची खूण शोधून सापडत नाही. सकाळी माणसाच्या पापण्या मिटायला लागतात, घास गिळता येत नाही, मग श्वास जातो. खेड्यातल्या लहान पोरालाही हे माहीत असतं.

एरवी मी जबाबाला हवालदार पाठवला असता. पण त्या दिवशी डॉक्टर स्वतः फोनवर आले. तरुण पोरगा, परतूरकडचा. म्हणाला, "साहेब, तुम्हीच या. सगळे साप साप करून राह्यले, पण मला हे बराबर वाटत न्हाई."

मी महिला हवालदारांना बरोबर घेतलं आणि निघालो. बायकांच्या जबाबाला त्यांच्याशिवाय मी कधी बसलो नाही. कायदा तसं सांगतो म्हणून, आणि मला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं म्हणूनही.

दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळं गाव उतरलं होतं. बाईच्या मुलाचं लग्न आठवड्यावर आलेलं. घरी मांडव पडलेला, पाहुणे जमायला लागलेले, आणि वरमाईच आडवी झाली. दवाखान्यात आणण्याआधी तिला वाटेतल्या एका देवाच्या ठाण्यावर नेलं होतं, सापाचं उतरवतात म्हणून. तिथं कपाळभर भंडारा फासलेला. डॉक्टरनी सर्पविषाचं औषध दिलं होतं, त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता. उलट आवाज गेला होता आणि थुंकी गिळता येत नव्हती.

"आमच्या सिस्टरनी तोंड पुसलं तेव्हा हे दिसलं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी मला आत नेलं.

बाई साधारण पन्नाशीच्या आतबाहेरची. डोळे मिटलेले. मोठी टिकली काढलेली, भंडारा पुसलेला. दोन भुवयांच्या मध्ये आणि वर कपाळावर बारीक लाल ठिपके होते, रांगोळीला घालतात तसे, सारख्या अंतरावर. साप अंथरुणातल्या माणसाला कुठंही चावेल, पण असा मापात चावणार नाही.

"सुई," मी म्हटलं.

"सुईच. पण कुणी टोचली आन् काय टोचलं? ते कळल्याबिगर मी अंधारात हातपाय मारून राह्यलोय. सापाचं औषध पुन्हा द्यावं का न द्यावं, हेच मला ठरवता येईना. त्या औषधाचंबी रिअ‍ॅक्शन येऊ शकतं."

आता पोलिसाचं डोकं कसं चालतं ते सांगतो. बाई रात्री झोपते, सकाळी तिच्या अंगावर सुईच्या खुणा सापडतात, आणि ती मरणाच्या दारात असते. आम्हाला पहिला प्रश्न पडतो तो म्हणजे शेजारी कोण झोपलं होतं. मला तो विचारावाही लागला नाही. बाईचा नवरा, मोठा शेतकरी, गावात शब्दाला वजन असलेला माणूस, मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, धाकटीला विचारा. माझ्या भावाची बायको. रातच्याला तीच शेजारी झोपल्ती. तिला लेकरू न्हाई. माझ्या पोराचं लगीन तिला बघवंना, दुसरं काय."

मागं उभ्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. धाकटीचा नवरा तिथंच होता, तो जमिनीकडं बघत राहिला.

धाकटी जाऊ भिंतीला टेकून एकटी बसली होती. वय चाळिशीच्या आसपास. मी जवळ गेल्यावर उठली, पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढला आणि हनुवटी वर करून माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, काय तोरा आहे बाईचा. घरात असा प्रसंग आणि ही पोलिसाकडं अशी बघते.

"ताई, तुमच्या जावेला कुणी सुई दिली का?"

"मला काय बी म्हाईत न्हाई."

"रात्री तुम्ही शेजारी होता."

"व्हते."

"मग?"

"मला काय बी म्हाईत न्हाई."

ज्याला खरोखर काही माहीत नसतं तो माणूस पोलिसाला उलट प्रश्न विचारतो. काय झालं, कशाची सुई, कुणी दिली, वाचेल ना. या बाईनं एकही प्रश्न विचारला नाही. तिला दवाखान्यातल्या चौकीच्या खोलीत नेलं, हवालदारबाई शेजारी बसल्या, पाणी दिलं. मी समजावून पाहिलं, मग आवाज चढवला. सांगितलं की तुमच्या घरचेच लोक तुमच्यावर संशय घेतायत, उद्या काही बरंवाईट झालं तर गुन्हा दाखल होईल आणि पहिलं नाव तुमचं येईल. त्यावर ती रडायला लागली. हुंदके देऊन, खांदे गदगदा हलवून रडली. ते रडणं खोटं नव्हतं.

आणि तिथंच मला काहीतरी खटकलं. माणूस रडतो तेव्हा तोंडाबरोबर त्याचं कपाळही रडतं. भुवया जवळ येतात, मधे घडी पडते. आयुष्यभर रडणारी माणसं समोर बसवून मी जबाब घेतले आहेत. या बाईचे डोळे वाहत होते, ओठ थरथरत होते आणि कपाळ मात्र ताटासारखं सपाट. एक रेघ हलत नव्हती. मी हवालदारबाईंकडं पाहिलं. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी हळूच तिचा पदर मागं सारला. भुवयांच्या वर तेच ठिपके, अगदी फिकट झालेले. आणि हनुवटी वर का होती तेही कळलं. तोरा वगैरे काही नव्हता, पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. मान मागं टाकल्याशिवाय तिला समोरचा माणूस दिसत नव्हता.

"बाई, तुम्हालापण टोचलंय," हवालदारबाई म्हणाल्या. "तुमचीबी तीच गत व्हायलीय. आता तरी बोला."

तिनं पदर पुन्हा पुढं ओढला. मग म्हणाली, "मला शपथ हाय."

"कुणाची?"

"पोराची. नवरदेवाची. अक्कानं माझा हात त्याच्या फोटूवर ठिवून घातली."

मी कपाळावर हात मारून घेतला. म्हटलं, अहो, इथं दोघींच्या जिवावर बेतलंय आणि शपथ काय घेऊन बसलात. पण हवालदारबाईंनी मला डोळ्यानं गप्प केलं. बाहेर नेऊन सांगितलं, "साहेब, तिला लेकरू न्हाई. त्या पोराला तिनंच खेळवलंय, जेवू घातलंय. शाळेत सोडायला तीच जायची म्हणे. त्याच्या नावाची शपथ ती मोडायची न्हाई. तुम्ही जेलात टाकलं तरी न्हाई."

न्यायालयात हात वर करून सत्याची शपथ घेतात आणि त्याच पायरीवर खोटं बोलतात, अशी माणसं मी रोज पाहिली. लेकराची शपथ मोडणारा माणूस मात्र क्वचित पाहिला. आमच्याकडं अशी शपथ आपण होऊन मोडता येत नाही. जिनं घातली तिनंच 'सुटली' म्हणायचं असतं. लहानपणी आपण सगळ्यांनी हा खेळ केलाय. मोठेपणी तो खेळ राहत नाही.

मी परत आत गेलो. "अक्का 'सुटली' म्हणाली तर सांगाल?"

"सांगीन. सम्दं सांगीन."

आणि अक्काचा तर आवाज गेलेला.

डॉक्टरला विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, डोळे मिटलेत म्हणून सगळ्यांना वाटतं ती बेसुद्ध हाय. पापण्या उघडत न्हाईत एवढंच. तिला बिलकुल सगळं ऐकू येतं."

सकाळपासून तिच्या उशाशी उभं राहून नातेवाईक काय काय बोलत होते ते मला आठवलं. लग्न मोडावं की पुढं ढकलावं, पाहुण्यांना काय कळवावं, आणि धाकटीनं काय केलं असेल. ते सगळं ती ऐकत पडली होती.

आम्ही धाकटीला खाटेपाशी नेलं. तिनं थोरलीचा हात हातात घेतला. "अक्का, सायेब इचारून राह्यलेत. शपथ सुटली का? सुटली आसंल तर हात दाब." काही हललं नाही. धाकटी पुन्हा म्हणाली, तरी काही नाही. मी डॉक्टरकडं पाहिलं, डॉक्टरनी माझ्याकडं. मग माझं लक्ष गेलं, थोरलीचा नवरा दारात उभा होता, त्याच्या मागं आणखी दोघं-तिघं. मी घरच्या सगळ्या पुरुषांना बाहेर काढलं, दार लावून घेतलं, आणि मी स्वतः भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

हवालदारबाई तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ताई, आता इथं तुमच्या घरचं कुणी गडीमाणूस न्हाई. तुमच्या जावेचेबी डोळे मिटायलेत. तिला तरी वाचवा."

बांगड्या किणकिणल्या तेवढंच मला ऐकू आलं. मग धाकटीचा आवाज आला, "दाबला. सायेब, अक्कानं हात दाबला."

पुढचं तिनं तिथंच उभं राहून सांगितलं.

साखरपुड्याला एका पाहुणीनं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "ह्या नवरदेवाच्या आजी का?" मुलीची आई शहरातली, शिक्षिका, नीटनेटकी राहणारी. तिच्या शेजारी फोटोला उभं राहायचं म्हणजे थोरलीला धडकी भरली होती. उभा जन्म शेतात उन्हात गेलेला, कपाळावर आठ्यांचं जाळं. ती कुणाला बोलली नाही, फक्त धाकटीला म्हणाली. मग जालन्यातल्या एका ब्यूटी पार्लरची जाहिरात कुणाच्या तरी मोबाइलवर दिसली. 'वरमाई पॅकेज'. फेशियल, केस, आणि डॉक्टरच्या हातून सुरकुत्या घालवणारं इंजेक्शन. घरी सांगितलं की जांब समर्थला दर्शनाला जातो, आणि दोघी जालन्याला गेल्या. धाकटीनं घेतलं ते केवळ थोरलीला धीर यावा म्हणून. आधी तिनं टोचून घेतलं, दुखत नाही असं सांगितलं, मग थोरली बसली.

"अक्काच्या आठ्या लई खोल हायेत म्हणून डाक्टरनी तिला जादा दिलं. मंग पार्लरवालीनं दोघीच्या तोंडाला मालिश केलं. पॅकेजात व्हतं."

दोन-तीन दिवसांनी थोरलीची पापणी जड झाली. तिला वाटलं, देवाच्या नावानं खोटं बोलून निघालो त्याचं हे फळ आहे. इंजेक्शनाचा आणि पापणीचा संबंध दोघींच्याही डोक्यात नीट आला नाही. पण घरात कळलं तर वरमाईचं हसं होईल, सुनेच्या माहेरी तोंड दाखवता येणार नाही, एवढं मात्र पक्कं आलं. म्हणून त्या रात्री शपथ. सकाळी सगळे साप म्हणाले, आणि धाकटीनंही स्वतःला समजावलं की सापच असेल.

डॉक्टरनी सगळं ऐकून घेतलं आणि तो सरळ फोनकडं धावला. सापाचं औषध थांबवलं. दोघींना श्वासाच्या मशीनची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात हलवायचं ठरलं. जाता जाता मला त्यानं थोडक्यात समजावलं. हे औषध स्नायू सैल करतं. योग्य हातानं, योग्य जागी, थेंबभर दिलं तर कपाळाच्या रेघा काही महिने दिसेनाशा होतात. पण जादा झालं किंवा भलतंच निघालं तर ते जागेवर थांबत नाही. पापणी, मग घसा, मग छाती. त्यावर जादूचा उतारा हाताशी नसतो. श्वास चालू ठेवायचा आणि शरीर सावरायची वाट पाहायची.

"वेळेत कळलं म्हणून," तो म्हणाला. "रात्री घरी श्वास अडकला असता तर सापाच्या खात्यावर गेली असती."

ॲम्ब्युलन्स निघायच्या वेळी थोरलीचा नवरा धाकटीजवळ गेला. स्वतःच्या हातातला चहाचा कप तिच्या हातात दिला, आणि डॉक्टर ओरडले की तिला काही प्यायला देऊ नका, गिळायला त्रास होईल. तो कप परत घेऊन तसाच उभा राहिला.

मला आता वेगळीच चिंता लागली होती. त्या पार्लरात आणखी किती बायका बसल्या असतील आणि किती जणी घरोघरी पदर ओढून गप्प असतील.

औषध निरीक्षक आणि पंच घेऊन आम्ही पार्लर गाठलं. चालवणारी बाई वाईट नव्हती. होतकरू, नवऱ्याच्या मागं दोन मुलींना वाढवणारी. 'डॉक्टर' ठरलेल्या वारी यायचा, पांढरा कोट घालायचा, इंग्रजी बोलायचा, एवढ्यावर तिचा विश्वास बसला होता. त्यानं तिच्याकडं ठेवलेल्या बाटल्या आम्ही जप्त केल्या. त्यावरची लिपी आमच्यापैकी कुणालाच वाचता आली नाही. तयार केल्याची तारीख नाही, मुदत नाही, परवाना क्रमांक नाही. हे औषध थंड ठेवावं लागतं, तर ते साध्या थर्मासमध्ये, शेजारच्या रसवंतीवरून आणलेल्या बर्फात. एक बाटली फोडली की त्या दिवशी आलेल्या सगळ्या बायकांना तीच.

"कुणाकुणाला दिलं?" मी विचारलं.

"सगळ्यांची नावं कुठं सांगतात सायेब बाया. ह्या कामाला तर बिलकुल सांगत न्हाईत."

दवंडी पिटून उपयोग नव्हता. पोलिसांनी विचारलं की बायका आणखी आत सरकल्या असत्या. मी विचार करत असतानाच पार्लरचा फोन वाजला. पार्लरवाली घाबरून माझ्याकडं बघायला लागली. हवालदारबाईंनी तिच्या हातून तो घेतला आणि गोड आवाजात "हां ताई, बोला" म्हणाल्या.

पलीकडून कुणीतरी विचारत होतं, "माझा एक डोळा ल्हान दिसून राह्यला. फोटोत येईल का हो?"

"फोटोचं सोडा ताई. गिळायला त्रास होतोय का? बोलताना जीभ जड होते का? तेवढं सांगा."

त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस हवालदारबाई साध्या साडीत पार्लरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. फोन येत गेले. बदनापूरहून, अंबडहून, शहरातल्या चांगल्या घरांतूनही. बहुतेकींचं थोडक्यात निभावलं होतं, डोकेदुखी, एक भुवई वर, एक पापणी खाली. एकीला मात्र घास अडकत होता. तिला त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवलं. ठाण्यात बसून आम्ही त्यांना शोधूच शकलो नसतो.

'डॉक्टर' पकडायला फार डोकं लागलं नाही. तो रेल्वेनं यायचा आणि आधी बदनापूरला उतरायचा, तिथल्या एका घरगुती पार्लरात दोन-चार जणी आटपून मग जालन्याला. आम्ही पार्लरवालीला नेहमीसारखा फोन करायला लावला. ठरलेल्या दिवशी बदनापूरच्या फलाटावर आमची माणसं प्रवासी होऊन उभी राहिली. तो उतरला, इस्त्रीचा शर्ट, हातात थर्मास. हवालदारबाईंनी विचारलं, "डॉक्टरसाहेब ना?" तो हसून हो म्हणाला. तेच त्याचं चुकलं.

चौकशीत मात्र तो मुरलेला निघाला. तोंडात मध. मी कोर्स केलाय म्हणाला, भिंतीवर लावतात तसलं प्रमाणपत्र मोबाइलवर दाखवलं. पूर्वी तो पार्लरची यंत्रं विकायचा. यंत्रं विकता विकता बघून बघून शिकला. प्रत्येक प्रश्नावर एक इंग्रजी शब्द फेकायचा, समोरच्यानं गप्प बसावं म्हणून. मला त्यातलं काही कळत नव्हतं हे खरं. म्हणून मी आदल्या दिवशीच जालन्यातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडं जाऊन बसलो होतो. त्या हेच इंजेक्शन रीतसर देतात. मी विचारलं होतं, तुम्ही बाई समोर आली की काय करता?

त्या म्हणाल्या, "आधी मी विचारत बसते. दिवस गेलेत का, अंगावर पाजतेस का. स्नायूंचा, नसांचा काही आजार आहे का. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का. पूर्वी घेतलं होतं का, काय झालं होतं. मग बाटली तिच्यासमोर फोडते, नाव आणि मुदत तिला वाचायला लावते. लग्न तोंडावर आलं असेल तर नको म्हणते, कारण परिणाम दिसायलाच आठवडा-दोन आठवडे जातात आणि काही बिघडलं तर सावरायला वेळ नसतो. दिल्यावर काही तास आडवं व्हायचं नाही, आणि त्या दिवशी तोंड चोळायचं नाही. मालिश तर नाहीच."

मी तेच प्रश्न त्या माणसाला विचारले. बाई आल्यावर तुम्ही तिला काय विचारता? "काही नाही, कुठं नको वाटतं ते." दिल्यावर काय सांगता? "काही नाही, तीन-चार महिने टिकेल." मालिश? "ते पार्लरचं काम, माझं नाही." पदवी? वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक? मग पुन्हा इंग्रजी.

शेवटी मी माझा जुना प्रश्न काढला. भेसळीचं दूध विकणाऱ्याला, बनावट खत विकणाऱ्याला मी तो नेहमी विचारत आलो. "तुमच्या मिसेसला दिलं का हे कधी?"

इतका वेळ बोलणारा माणूस टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. मी चहा मागवला, तोही त्यानं घेतला नाही. मग हळूच म्हणाला, "तिला कशाला देऊ साहेब. काही झालं तर?"

त्यानंतर माल कुठून यायचा, पाण्यात किती मिसळायचा, कुठल्या गावात कुठल्या पार्लरात जायचा, सगळं त्यानं भराभरा सांगितलं. गुन्हा दाखल झाला, आरोपपत्र गेलं. पुढचं न्यायालयाचं काम, त्यावर मी बोलणार नाही.

लोक मला विचारतात, मग साहेब, हे इंजेक्शन घ्यावं की नाही? मी पोलीस आहे, सल्ला देणारा मी कोण. ज्या बाईला घ्यायचंय तिनं खुशाल घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हे मी या केसमध्ये शिकलो. आधी मलाही हसू आलं असतं. पण पन्नाशीला आलेल्या बाईनं एक दिवस चांगलं दिसावं असं म्हणावं, यात हसण्यासारखं काय आहे? आम्ही पुरुष लग्नाच्या आदल्या दिवशी मिशा काळ्या करतो. फक्त सुई हातात धरणारा खरा डॉक्टर आहे का ते बघावं, तो आधी प्रश्न विचारतो का ते बघावं. आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून जावं. थोरलीला सुईनं जितकं मारलं नव्हतं तितकं त्या गप्प बसण्यानं मारलं असतं.

दोघी वाचल्या. धाकटी लवकर सावरली. थोरलीच्या गळ्यात श्वासाची नळी बरेच आठवडे होती. लग्न पुढं ढकललं. मुलीच्या आईला कळलं तेव्हा ती दवाखान्यात येऊन थोरलीच्या उशाशी बसायला लागली, एवढं मी ऐकलं होतं. तुळशीचं लग्न लागल्यावर नवा मुहूर्त निघाला आणि थोरलीचा नवरा स्वतः पत्रिका घेऊन ठाण्यात आला. "हळदीलाच या साहेब," म्हणाला. मी आणि हवालदारबाई गेलो.

मांडवात धाकटी भेटली. मी म्हटलं, "ताई, आता बऱ्या दिसता."

"आता बरी हाय सायेब. मधी लई वाईट गेलं."

"दुखणं मोठं होतं."

"दुखण्याचं न्हाई." तिनं इकडं तिकडं पाहिलं. "अक्कानं हात दाबला, म्या बोलले. पर तोंडानं सुटली म्हणली नव्हती ना. मंग माझ्या मनातून जाईना. पोरगा समोर आला की म्या आत जायची. त्याला वाटलं, काकू रागावली. म्या त्याला इतके दिवस हात लावला न्हाई."

"मग?"

"अक्काची नळी काढली त्या दिवशी आम्ही समदे व्हतो. डाक्टर म्हणले, बोला, तुमचं नाव सांगा. तिनं नाव सांगितलंच न्हाई. डोळ्यानं मला धुंडलं, आन् पयला शबुद म्हणली, 'सुटली'."

तेवढ्यात आतून थोरलीची हाक आली. आवाज अजून थोडा नाकात होता. पाटावर नवरदेव बसला होता, हळदीचं ताट तयार होतं, आणि पाच सवाष्णी पुढं येऊन उभ्या होत्या. ज्या बाईला लेकरू नाही तिला अशा वेळी कुणी पुढं बोलावत नाही, हे मी आमच्या भागात आयुष्यभर पाहत आलो. थोरलीनं सगळ्यांना बाजूला केलं आणि धाकटीला म्हणाली, "पयली हळद तू लाव."

कुणीतरी काहीतरी पुटपुटलं. थोरलीच्या नवऱ्यानं त्या दिशेला नुसतं पाहिलं, पुटपुटणं थांबलं.

धाकटी पुढं झाली. तिनं पोराच्या कपाळाला हळदीचा हात लावला आणि रडायला लागली. शेजारी थोरलीही. दोघींच्या भुवया जवळ आल्या, मध्ये घड्या पडल्या, कपाळभर आठ्या उमटल्या, जुन्या होत्या तशाच. हवालदारबाईंनी मला कोपरानं ढोसलं. मी आधीच तिकडं बघत होतो.